‘अधिकार होता, वापरला’ म्हणून कोरियातला मार्शल लॉ कायदेशीर ठरत नाही

दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांची बाजू घेणारा एक युक्तिवाद बराच फिरतो. घटनेनं राष्ट्राध्यक्षाला मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी अंमल लावायचा, अधिकार दिलाय. त्यांनी तो वापरला, संसद नको म्हणाली तेव्हा सहा तासांत मागे घेतला, कुणाचा जीव गेला नाही. तरीही न्यायाधीशांनी निवडून आलेल्या माणसाला घरी बसवलं.

अधिकार आहे, कलम 77 मध्ये. पण त्याच वाक्यात अटही आहे. युद्ध, सशस्त्र संघर्ष किंवा त्या तोडीचं राष्ट्रीय संकट हवं, आणि सैन्य उतरवल्याशिवाय भागणार नाही अशी वेळ हवी. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री साडेदहाच्या सुमारास यून टीव्हीवर आले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. विरोधी पक्ष अधिकाऱ्यांवर एकामागून एक महाभियोग आणतोय, अर्थसंकल्पाला कात्री लावतोय, ही त्यांची तक्रार. ती अगदीच खोटी नव्हती; विरोधकांनी बहुमत रेटून वापरलं होतं. पण नको असलेली विधेयकं परत पाठवायचा अधिकार यून यांच्याकडे होता आणि तो त्यांनी अनेकदा वापरलाही होता. संसद ऐकत नाही म्हणून रणगाड्यांची भाषा करायची सोय घटनेत नाही.

पद्धतही पाळली नाही. घोषणेआधी मंत्रिमंडळात चर्चा व्हावी लागते. इथे बैठक जेमतेम पाच मिनिटांची झाली आणि पंतप्रधान व मंत्र्यांच्या सह्याही नव्हत्या. (आपल्याकडे आणीबाणीच्या वेळी, 25 जून 1975 च्या रात्री, राष्ट्रपतींची सही आधी झाली, मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला तो त्यानंतर, 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीनं.)

आता ‘मागे घेतला’ हा मुद्दा. तो यून यांचा मोठेपणा नव्हता. एकूण सदस्यांच्या बहुमतानं संसदेनं मागणी केली की मार्शल लॉ उठवावाच लागतो, असं कलम 77 चं पाचवं उपकलम सांगतं. म्हणूनच त्या रात्री खरा खेळ संसदेच्या दारात झाला. मार्शल लॉखाली वॉरंट, भाषण, सभा, सरकार आणि न्यायालयं यांच्याबाबत विशेष उपाय करता येतात. या यादीत संसद नाही, आणि हे काही नजरचुकीनं झालेलं नाही. मे 1980 मध्ये लष्करानं मार्शल लॉ देशभर लागू करून संसदेला कुलूप घातलं आणि ग्वांगजू शहरात माणसं मारली. 1987 ची घटना त्यानंतरची आहे. तरी यून यांच्या मार्शल लॉच्या पहिल्याच फर्मानात संसदेचं आणि पक्षांचं कामकाज बंद असल्याचं लिहिलं होतं. हेलिकॉप्टरनं सैनिक आले, खिडक्या फोडून आत शिरले. सभापती वू वॉन-शिक यांना कुंपणावरून चढून आत जावं लागलं. 300 जणांच्या सभागृहात 151 मतं लागत होती. रात्री एकच्या सुमारास 190 सदस्य जमले आणि सगळ्यांनी मार्शल लॉ उठवण्याच्या बाजूनं मत दिलं. त्यात 18 जण यून यांच्याच पक्षाचे होते! एवढं होऊनही यून यांनी माघार जाहीर केली ती पहाटे साडेचारच्या सुमारास.

जीव गेला नाही, हे खरं. पण त्याचं श्रेय हुकूम देणाऱ्याला कसं जाईल? नागरिक आडवे आले आणि सैनिक-पोलिसांनी हात राखून काम केलं म्हणून संसदेला मत देता आलं, असं घटना न्यायालयानंच नोंदवलं. हा तर नुसता इशारा होता, ही यून यांची सबबही न्यायालयानं फेटाळली. इशारा द्यायला निवडणूक आयोगाच्या कार्यालयात सैनिक कशाला लागतात?

राहिले न्यायाधीश. यून यांच्यावर महाभियोग आणला तो निवडून आलेल्या संसदेनं. 14 डिसेंबरला त्यासाठी 200 मतं हवी होती, पडली 204. न्यायालयाकडे प्रकरण गेलं ते त्यानंतर. तिथे पदच्युतीसाठी सहा न्यायाधीशांची संमती पुरे होती. 4 एप्रिल 2025 ला आठही जण एकमतानं ‘हटवा’ म्हणाले, आणि त्या आठांत एक खुद्द यून यांनी निवडलेला होता.