हॉलीहॉकच्या रोपांबद्दलच्या तक्रारीला नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन तीन तक्रारी लिहिल्या आहेत. पैसे पूर्ण घेऊन चार-पाच पानांची चिमुकली रोपं दिली. पानांमागे तांबूस फोड आले, म्हणजे रोपं रोगटच होती. आणि 'वर्षानुवर्षं फुलणारं' झाड एप्रिलअखेर वाळलं, म्हणून पैसे परत हवेत. नर्सरी माझी आहे, तेव्हा उत्तर मीच देतो.

रोप छोटं दिलं ते मुद्दाम. हॉलीहॉकचं, म्हणजे आपल्या गुलखैऱ्याचं, सोटमूळ सरळ खाली जातं. पिशवीत ते जास्त दिवस राहिलं की तळाशी गुंडाळी होते आणि मग जमिनीत लावूनही रोप जोर धरत नाही. फुलावर आलेलं हातभर रोप इथे देखणं दिसतं, पण घरी नेल्यावर मान टाकतं. तसं रोप मी विकत नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. तुम्ही टाकलेल्या पहिल्या फोटोत गुलाबी फुलांचा दांडा गच्चीच्या कठड्याच्याही वर गेलाय. तो त्याच चार पानांच्या रोपाचा आहे.

दुसऱ्या फोटोत पान उलटं धरलंय. वरून पिवळे ठिपके, खालून तपकिरी-तांबूस पुळ्या. हा तांबेरा, गुलखैऱ्याचा नेहमीचा रोग. आम्ही प्रत्येक रोप पान उलटून दाखवूनच देतो. ही बुरशी ओल्या पानावर रुजते आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानावरून वरच्यावर चढते. तुमच्या कुंड्या एकमेकींना चिकटून आहेत आणि रोज संध्याकाळी पाइपनं वरून पाणी घालता, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पानं रात्रभर ओली. पाणी सकाळी आणि बुडाशीच घाला. पुळ्या दिसल्या की खालची पानं तोडून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये अजिबात नको. गंधकाची फवारणी थंडीतच करावी, ऊन तापल्यावर तिनं पानं करपतात. गुलाबाला आणि संत्र्याला लागण होईल ही तुमची भीती मात्र सोडा. हा तांबेरा गुलखैऱ्याच्या भाऊबंदांवरच जगतो, त्या दोघांवर जात नाही.

राहिलं झाड वाळण्याचं. 'वर्षानुवर्षं' हे तुम्ही इंटरनेटवर वाचलंत, ते थंड मुलखातलं. तिथे पहिल्या वर्षी नुसता पानांचा झुबका, तो हिवाळा काढतो आणि दुसऱ्या वर्षी फुलतो. नागपुरात हे हिवाळी मोसमी फूल, आमच्या पाटीवरही तेच लिहिलंय. फेब्रुवारी-मार्चला फुलतं आणि पारा चाळिशीपार गेला की संपतं. आपल्या उन्हाळ्यात ते जगवण्याचा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोप उगवलं, वाढलं, भरभरून फुललं, म्हणून पैसे परत देणार नाही. पण वाळलेले दांडे अजून टाकले नसतील तर बोंडं फोडून बघा. आत चपट्या बिया चकतीसारख्या गोल रचलेल्या सापडतील. कागदी पाकिटात कोरड्या ठेवा. मधमाश्यांनी परागांची सरमिसळ केलेली असते, तेव्हा पुढच्या वर्षी रंग हाच येईल असं नाही. तान्हा पोळा झाला म्हणून घाई नको, पाऊस ओसरू द्या आणि दसऱ्याच्या सुमारास पेरा, थेट मोठ्या कुंडीतच. कुंडी निदान 14 इंच खोल हवी आणि तीत एकच रोप. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, मूळ कुजतं. तीत रेती आणि मुरलेलं शेणखत मिसळा. रोप गुडघ्याएवढं झालं की लगेच बांबूची काठी लावा, मार्चमधल्या अवकाळी वाऱ्याची वाट बघू नका.

दांडे टाकून दिले असतील, तर सप्टेंबरात नर्सरीत या. बिया माझ्याकडून, त्यांचे पैसे घेणार नाही. येताना गच्चीवर ऊन कुठे किती वेळ येतं ते बघून या, कुंड्या कशा मांडायच्या ते सांगतो.