कोयनेच्या दगडाला ‘सवय’ झालेली नाही

पाटण तालुक्यातल्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात घराचं काम थांबवलं. भिंती दगड-मातीच्या आहेत. भूकंपात भिंती एकत्र धरून ठेवायला लिंटेलवर, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर, चारही बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा घालायचा, हे मिस्त्रीशी ठरलं होतं. का थांबवलं विचारलं, तर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर मला पाठवला: ‘कोयनेचा काळा दगड थकत नाही. साठ वर्षं धरण भरतंय, रिकामं होतंय, दगडाला आता सवय झाली. बारीक धक्क्यांनी ताण निघून जातो. १९६७चा भूकंप नैसर्गिक होता. पुन्हा मोठा होणार नाही.’ भावकीतल्या निम्म्या लोकांनी तो पुढे ढकललाय.

सगळ्यात घातक वाक्य सवयीचं, कारण ते अर्धं खरं आहे. जोसेफ कायझर या जर्मन संशोधकाने १९५०मध्ये धातूंवर दाखवलं, की एकदा सोसलेला भार पुन्हा दिला तर धातू आधीच्या कमाल भारापर्यंत जवळपास गप्प राहतो. त्यापुढे गेलं की आतून बारीक आवाज सुरू होतात. खडकांतही हे दिसतं. एवढं मान्य. पण गप्प राहणं म्हणजे शाबूत असणं नव्हे. प्रयोगशाळेत दगडाचा नमुना प्रेसमध्ये, म्हणजे दाबयंत्रात, घालून दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. एका दमात तो जेवढ्या भाराला फुटला असता, त्याच्या साधारण ८० टक्केच भार हजारो वेळा दिला तरी अनेक खडक फुटतात. भार वाढला की कणांमधल्या बारीक भेगा घसरतात आणि उघडतात; भार काढला तरी घर्षणामुळे त्या पूर्ण जागेवर येत नाहीत. प्रत्येक फेरीत थोडी विकृती, म्हणजे आकारातला बदल, मागे उरते. सुरुवातीला ती भराभर वाढते, मग बराच काळ अगदी संथ, आणि फुटण्याआधी पुन्हा वेगाने. ज्याला हे लोक ‘सवय’ म्हणतात, तशीच ती मधली संथ अवस्था दिसते. मामा, तिच्यापुढे तिसरी अवस्था असते.

डोंगर म्हणजे प्रेसमधला नमुना नव्हे, हेही खरं. तळ्याची पातळी वर्षात तीस-चाळीस मीटर खालीवर होते, म्हणजे भारातला फरक चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३-४ किलो. एवढ्याने सलग दगड फुटत नाही. पण खाली आधीच ताणलेले भ्रंश, म्हणजे खडक जिथे सरकू शकतो अशा मोठ्या भेगा, आहेत, आणि फटींतल्या पाण्याचा दाब वाढला की त्यांच्या दोन्ही बाजूंना आवळून धरणारा जोर कमी होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता आणि सहकाऱ्यांनी कोयनेच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या. त्यांना दिसलं, की पाणी भराभर चढतं किंवा आधीच्या कमाल पातळीपलीकडे जातं, तेव्हा ५ रिश्टरच्या वरच्या धक्क्यांची शक्यता वाढते. प्रत्येक वेळी धक्का येतोच असं नाही. पण दगडाला खरंच कायमची सवय झाली असती, तर वारणेचं धरण भरल्यावर १९९३च्या सुमारास धक्के दक्षिणेला वारणेच्या बाजूला पसरले नसते.

‘बारीक धक्क्यांनी ताण निघून जातो’ हा तर हिशेबाचाच घोळ आहे. भूकंपाची तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. १९६७सारख्या ६.३च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ४.३चे साधारण हजार धक्के लागतील. तेवढे मोजलेत कोणी?

काळा दगड मजबूत असतो, कबूल. पण कोयनेखाली तो साधारण एक किलोमीटरच आहे. बहुतेक धक्के त्याच्याही खाली, जुन्या ग्रॅनाइट-नाइस खडकात होतात. कातळाचा अभिमान तिथे कामाचा नाही.

राहिला १९६७. ताण नैसर्गिकच होता, हे कोणी नाकारत नाही. धरणाने तो मोकळा व्हायला चालना दिली, असं शास्त्रज्ञ म्हणतात. १९६२च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि थोड्याच काळात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३चा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसं गेली, धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. ते बांधकाम नंतर खास मजबूत करावं लागलं.

मामा, धरणालासुद्धा मजबुती लागली. तुमच्या भिंतीला पट्टा हवाच. मिस्त्रीला मी फोन केलाय, तो सोमवारी येतोय.