चार खोल्या पुरेत

भाचा परवा दोन दिवस राहून गेला. निघताना मागच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाला, "मावशी, एवढी जागा नुसती पडून आहे. आणखी सहा खोल्या काढ की! सुट्ट्यांमध्ये किती जणांना नाही म्हणावं लागतं तुला." अगदी मनापासून बोलला तो. हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच, आणि दरवेळी मी "बघू" म्हणून सोडून देते. या वेळी सोडवेना. गाडीत बसेपर्यंत त्याला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. गावाकडच्या घरात पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या काढायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनीही वाचावं.

आमच्याकडे चार खोल्या आहेत. मुक्काम आणि सकाळचा नाश्ता, एवढंच आम्ही देतो. या कामाला नऊ वर्षं झाली. चारही खोल्या भरल्या की घरात आठ पाहुणे आणि आम्ही दोघं. पाचवी खोली मी काढणार नाही. खूप विचार करून, हिशोब मांडून ठरवलंय हे.

हिशोब चादरींपासून सुरू होतो. चारही खोल्या एकाच दिवशी रिकाम्या झाल्या की चार मोठ्या चादरी, पांघरुणांच्या चार खोळी, सोळा अभ्रे, आठ मोठे टॉवेल, आठ छोटे, एवढं धुणं पडतं. आमच्या मशीनमध्ये ते तीन खेपांत बसतं. ६० अंशांच्या पाण्यात एक खेप म्हणजे दीड-पावणेदोन तास. सकाळी अकराला पहिली लावली तर तिसरी निघेस्तोवर चार वाजून जातात आणि तिला उतरतं ऊन जेमतेम मिळतं. चौथी खेप असती तर ती ओलीच राहिली असती. ओलसर चादरीचा वास लपत नाही. वर कितीही सुगंध फवारा, उशीवर डोकं टेकलं की कळतो. म्हणून प्रत्येक पलंगाला तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यासाठी मी चौथा ठेवते.

६० अंशच का, तर ढेकणांसाठी. ढेकूण घाणीमुळे होतो हा गैरसमज आहे. तो कुणाच्याही बॅगेतून येतो, स्वच्छ माणसाच्याही. पोटात काही नसताना तो महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे खोली बंद ठेवून तो जात नाही. उष्णतेपुढे मात्र त्याचं आणि त्याच्या अंड्यांचं काही चालत नाही. दर वेळी पाहुणे गेले की मी बॅटरी घेऊन गादीच्या शिवणी उलगडून बघते, चारही कोपरे, पलंगाच्या फळीच्या खाचा. शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके दिसतात का, एवढंच शोधायचं. खोलीमागे सहा-सात मिनिटं जातात. नऊ वर्षांत एकदाच दिसले. त्या दिवशी ती खोली बंद केली आणि पुढच्या दहा दिवसांची बुकिंगं स्वतः फोन करून रद्द केली. खरं कारण सांगितलं. त्यातली दोन कुटुंबं पुढच्या वर्षी आली.

आता वेळेचं बघा. पाहुणे अकराला खोली सोडतात, नवे दोनला येतात. मध्ये तीन तास. एक खोली नीट करायला पाऊण तास लागतो. चार खोल्या म्हणजे बरोबर तीन तास, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. तेवढ्यात हे न्हाणीघरं धुतात, गीझर आणि पाण्याची टाकी बघतात. दहा खोल्या केल्या तर हे गणित दोघांत बसणारच नाही, माणसं ठेवावी लागतील. "मग ठेव की!" भाचा म्हणेल. कष्टाळू, चांगली माणसं मिळतीलही. अडचण वेगळी आहे, आणि ती मला या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त सांगायची आहे.

पलंग आवरणारी आणि चहा ओतणारी बाई एकच असली पाहिजे.

गेल्या थंडीतली गोष्ट. तीन नंबरला एक आजी आणि त्यांची नात होती, तीन रात्रींसाठी. पहिल्या दिवशी त्या फिरायला गेल्यावर मी खोलीत गेले. खिडकीपाशी असते ती खुर्ची पलंगाला चिकटून ठेवलेली, पाठ पलंगाकडे. तिच्या पाठीवर टॉवेल दुमडून टाकलेला. न्हाणीघराच्या दाराला आतून एक चप्पल अडकवून दार उघडं ठेवलेलं. जरा थांबून बघितलं आणि लक्षात आलं. आजींना रात्री उठताना धरायला काहीतरी लागतं, आणि अंधारात न्हाणीघराचं दार सापडत नाही. नातीची झोप मोडू नये म्हणून त्या हाक मारत नव्हत्या. मी खुर्ची काढून तिथे आमची जड लाकडी खुर्ची ठेवली, भार दिला तरी न सरकणारी. न्हाणीघराबाहेर छोटा रात्रीचा दिवा लावला. चप्पल काढून दाराला लाकडाची पाचर दिली. नाश्त्याला कुणी काही बोललं नाही, मीही विषय काढला नाही. आजींनी फक्त दुसरा कप चहा मागून घेतला आणि माझा हात क्षणभर धरून ठेवला.

ही खोली कामाला ठेवलेल्या मुलीने आवरली असती तर तिने खुर्ची परत खिडकीपाशी नेऊन ठेवली असती. तिला तसंच शिकवलेलं असतं, आणि शिकवणं चुकीचंही नाही. पण खोली बघणारे डोळे आणि सकाळी पाहुण्याशी बोलणारं तोंड एकाच माणसाचं असलं की अशा गोष्टी आपोआप जुळतात. पांघरूण घडी न मोडता बाजूला ठेवलेलं असलं तर त्यांना उकडतंय. कपाटातली जास्तीची उशी काढलेली असली तर मान दुखतेय. पाण्याचा जग तसाच भरलेला असला तर पाण्याची चव आवडली नाही, किंवा जग दिसलाच नाही. आठ माणसांचं एवढं सगळं माझ्या डोक्यात राहतं. वीस माणसांचं राहत नाही.

हे मी अनुभवाने सांगतेय. तीन वर्षांपूर्वीच्या मोठ्या सुट्टीत आम्ही मोह आवरला नाही. आमची झोपायची खोली दिली, माळ्यावर गाद्या टाकल्या आणि घरात चौदा पाहुणे घेतले. आम्ही स्वयंपाकघरात झोपत होतो. पहिले चार दिवस छान गेले, पैसेही दिसत होते. सहाव्या दिवशी खालच्या न्हाणीघरात पाणी तुंबून गुडगुड आवाज येऊ लागला.

गावाकडे सांडपाण्याची नळयोजना नसते, बहुतेक घरांना सेप्टिक टँक असतो. तो कसा चालतो हे मला तेव्हा नीट कळलं. टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं निवळ पाणी शोषखड्ड्यात जातं. निवळायला पाण्याला एक-दोन दिवस तरी टाकीत थांबावं लागतं. माणसं दुप्पट झाली की पाणी थांबत नाही. गाळ घेऊनच पुढे ढकललं जातं आणि शोषखड्डा बुजत जातो. गाळ खाणारे जिवाणू टाकीत असतात, पण आम्ही चौदा माणसांच्या धास्तीने न्हाणीघरात जंतुनाशक ओतत होतो, म्हणजे त्यांनाच मारत होतो. त्यात कुणीतरी ओले टिश्यू टाकलेले, ते विरघळतच नाहीत. ऐन सुट्टीत टाकी उपसायची गाडी बोलवावी लागली. अंगणात पाहुणे नाश्ता करत होते आणि वारा त्यांच्या दिशेने होता. काय वाटलं असेल मला!

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट झाली, ती टाकीपेक्षा जास्त लागली. एक बाई चार रात्री राहून निघाल्या. शांत, एकट्या. निरोप देताना मी त्यांना दुसऱ्याच पाहुण्यांच्या नावाने हाक मारली. त्या हसल्या, म्हणाल्या, "तुम्ही फार गडबडीत होतात ना." रागाचा लवलेश नव्हता. पण चार सकाळी मी त्यांच्या पानात नाश्ता वाढला होता आणि मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं, चारच्या पुढे नाही.

खोल्या रिकाम्या असतात तेव्हा काम थांबतं असंही नाही. नळात साचलेलं कोमट पाणी धोक्याचं असतं. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं, तिथे न्यूमोनियासारख्या आजाराने माणसं दगावली. त्यातूनच 'लिजिओनेला' हा जिवाणू पुढच्या वर्षी सापडला. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो. म्हणून गीझर ६० अंशांवर तापवायचा, आणि खोली आठवडाभर बंद असेल तर पाहुणे येण्याआधी शॉवर आणि नळ काही मिनिटं वाहू द्यायचे, तुषार अंगावर न घेता. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, वाचून शिकलो. खोल्या वाढतात तसे असे बंद नळही वाढतात, आणि कुठला शेवटचा कधी उघडला याची वही ठेवावी लागते. आमची वही चार ओळींची आहे.

टोस्टरचंही सांगते. आमच्याकडे दोन आहेत, एकावर हिरवी चिकटपट्टी. ज्यांना ग्लूटेन चालत नाही त्यांच्यासाठी तो. गहू, जव, राय यांतलं ग्लूटेन सीलिॲक आजार असलेल्या माणसाला चिमूटभर कणांतूनही त्रास देतं. त्याच्यासाठी वेगळा ब्रेड आणून साध्याच टोस्टरमध्ये भाजला तर उपयोग शून्य, आधीचे चुरे त्यात असतातच. लोण्याची सुरीही वेगळी लागते. एकदा नऊ वर्षांचा मुलगा आला होता. त्याने हिरव्या पट्टीचा टोस्टर उलटा करून, झटकून, आत डोकावून स्वतः तपासला आणि मग सलग चार टोस्ट खाल्ले. त्याची आई काही खाईना, नुसती बघत बसली होती.

मोठं व्हायला माझा विरोध नाही. दहा-वीस खोल्यांचं हॉटेल उत्तम चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. तो वेगळा धंदा आहे, त्याची शिस्त वेगळी. पण बाहेर 'घरगुती मुक्काम' अशी पाटी लावायची आणि आत हॉटेल चालवायचं, हे मला पटत नाही. फ्रान्समध्ये ही रेघ कायद्यानेच ओढलेली आहे. तिथे घरमालकाच्या घरातल्या अशा खोल्यांना 'शांब्र दोत' म्हणतात. २००७ च्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे. नाश्ता आणि चादरी-टॉवेल त्यातच, आणि स्वागत घरात राहणाऱ्यानेच करायचं. इटलीने १९८५ च्या कायद्यात शेतावरच्या मुक्कामाला परवानगी देताना मुख्य काम शेतीच राहिलं पाहिजे अशी अट घातली. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. जे आम्ही टाकी तुंबवून शिकलो, ते कुणीतरी आधीच ओळखून कागदावर आणलं होतं.

पैशाचं खोटं बोलणार नाही. चार खोल्यांत माणूस श्रीमंत होत नाही. वर्षातले तीन-चार महिने हात आखडून राहावं लागतं. बुकिंगच्या साइट कमिशन कापून घेतात, ते वेगळं. रिव्ह्यूचाही ताण असतो. वीस जणांनी पाच तारे दिलेत आणि एकविसाव्याने एक दिला, तर सरासरी ४.८ वर येते. पाहुण्याला चार तारे म्हणजे 'छान' वाटतं, यादीत मात्र आपण खाली सरकतो. नव्याने सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन, घरात दुसरी मिळकत असू द्या. पहिली दोन वर्षं तरी फक्त खोल्यांवर विसंबू नका. आणि आठवड्यातून एक रात्र सगळ्या खोल्या बंद ठेवा. आम्ही सोमवार ठेवतो. त्या रात्री आम्ही दोघं जेवून लवकर झोपतो, आणि मंगळवारी दारात येणाऱ्या पहिल्या माणसाला बघून खरोखर आनंद होतो. तो आनंद ओढूनताणून चेहऱ्यावर आणता येत नाही. थकलेलं माणूस कितीही हसलं तरी पाहुण्याला कळतं.

आणि मागच्या जागेचं म्हणशील, तर बाळा, ती पडून नाहीये. अकरा ते चार सगळ्यात जास्त ऊन तिथेच असतं. आपल्या सगळ्या चादरी तिथेच वाळतात. तिसऱ्या खेपेसाठी पश्चिमेच्या बाजूला आणखी एक तार बांधायची आहे, तिथे ऊन शेवटपर्यंत टिकतं. खांब आणून ठेवलेत. पुढच्या वेळी येशील तेव्हा तुझ्या काकांना खड्डे खणायला हात लाव. सोमवारी ये.