पदवी हवी, पण बालवाडीत बसून मिळवलेली

बालवाडीच्या शिक्षिकांसाठी पदवीपर्यंतचे प्रशिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी मला मनापासून पटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाची ३ ते ८ ही वर्षे एकच पायाभूत स्तर मानली. मात्र त्याच धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी अवघा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तोही प्रामुख्याने दूरस्थ पद्धतीने, सुचवला आहे. हे फार अपुरे आहे. साडेतीन वर्षांचे मूल पेन्सिल मुठीत धरते, तेव्हा त्याचा हात धरून ‘अ’ गिरवून घ्यायचा, की मणी ओवायला आणि माती मळायला देऊन आधी बोटांत बळ येऊ द्यायचे, हा निर्णय मोबाइलवरच्या व्हिडिओतून शिकता येत नाही. अनुभवी शिक्षिकेच्या शेजारी जमिनीवर बसून, एकेक मूल न्याहाळत आणि त्याच्या नोंदी ठेवतच तो जमू लागतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाड परिसरात आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली, ती अशाच निरीक्षणाच्या बळावर. म्हणून पदवीचा निदान निम्मा काळ प्रत्यक्ष बालवाडीत जावा, आणि पदवी घेतलेल्या शिक्षिकेला मानधन नव्हे, तर प्राथमिक शिक्षकाइतके वेतन मिळावे, ही तरतूद सक्तीच्या आदेशातच असली पाहिजे.