'हुशार माणूस कुठेही टाका, बरोबरच सांगणार' : हे खरं नाही

सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच ग्रुपवर मेसेज फिरतोय की खरा बुद्धिमान माणूस कुठल्याही विषयात बरोबरच सांगतो, तज्ज्ञ लागतात ते सामान्य बुद्धीच्या लोकांना. बागायतदार पण तो फॉरवर्ड करतायत म्हणून लिहितोय.

"नोबेलवाला चुकत नाही." लायनस पॉलिंगला केमिस्ट्रीचं नोबेल १९५४ला, शांततेचं १९६२ला, दोन्ही एकट्याला, याहून हुशार माणूस कुठून आणणार? तोच पुढे सांगत सुटला की व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने कॅन्सरला फायदा होतो, आणि अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या ट्रायल १९७९ आणि १९८५ला छापून आल्या त्यात काहीच फायदा दिसला नाही. कॅरी म्युलिसने पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत, शोधला, १९९३ला नोबेल, पण एचआयव्हीमुळे एड्स होतो हे मानायलाच तयार नव्हता. दोघांची बुद्धी काही आटली नव्हती. मला वाटतं स्वतःच्या विषयात चुकलं की प्रयोगच फसतो, तिथे कान धरला जातो, दुसऱ्याच्या विषयात तसं धरणारं कोणी नव्हतं.

"हुशार माणसाला आंबा दोन दिवसात कळतो." हे वाचून खरंच राग आला. हापूसमधला साका, म्हणजे आतला गर पांढरट नि स्पंजासारखा होणं, बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून साका नसलेला रत्ना नावाचा आंबा काढला, १९८१ला. रोपाला फळ धरायलाच वर्षं जातात, मग ते कापून बघायचं, मग पुढचं ठरवायचं, डोकं कितीही तल्लख असलं तरी झाड लवकर धरत नाही. आणि थ्रिप्स या बारीक किडीवर तेच तेच औषध मारत राहिलं की कीड त्याला दाद देत नाही, तरी मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेल्या कोणाच्या तरी सांगण्यावरून फवारण्या चालूच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक आहे ना, ते आधी बघा.

"आपला तांडेल हवामान खात्यापेक्षा बरं सांगतो." तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, मासळीचं म्हणाल तर शंभर टक्के मान्य, पाण्याचा रंग नि वारा बघून तो जे ओळखतो ते ऑफिसात बसून जमणार नाही. पण निसर्ग वादळ ३ जून २०२०ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं ते लांब समुद्रात तयार होत होतं तेव्हा बंदरावरून काही दिसत नव्हतं, सॅटेलाइटवर दिसत होतं. इशारा आधी आला म्हणून लोकांना हलवता आलं. तो ऐकून वेळेत घर सोडणाऱ्या जाणत्या माणसांची अक्कल काय कमी होती?