काढायचे वेगळे, लावायचे वेगळे

गाडीला काही बसवून घ्यायचं तर पैसे लागतात हे लहानपणापासून बघत आलोय. लेग गार्ड लावा, सीट कव्हर घाला, मागे डिक्की बसवा, आपण देतो पैसे, तक्रार नाही. कॅफे रेसर नावाच्या भानगडीत मात्र सगळं उलटं असतं. चांगल्या चालत्या गाडीवरून चांगल्या वस्तू एकेक करून काढायच्या, प्रत्येक वस्तू काढल्याची मजुरी द्यायची, आणि शेवटी जे उरेल ते बघून कॉलेजच्या पोरांनी म्हणायचं, "अंकल, भारी दिसतेय." त्यातला अंकल पण फुकट नाही, त्याच पैशात येतो.

गाडी मामांची. येझ्दी रोडकिंग, २५० सीसी, टू स्ट्रोक, इंजिनाला सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. कंपनी म्हैसूरची, १९९६ मध्ये बंद पडली, मामांची गाडी मात्र बंद पडायला तयार नव्हती आणि हे मामींचं मोठं दुःख होतं. गिरगावची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली, मामा-मामी दहिसरला भाड्याने गेले, तिथल्या सोसायटीने असली धूर ओकणारी गाडी आत घ्यायला नकार दिला, म्हणून ती आली आमच्याकडे विक्रोळीला, कन्नमवार नगरात, बिल्डिंगच्या मागच्या झाडाखाली. मामा म्हणाले, "सांभाळ रे, चालवायला घे." मी रोज रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघायला लागलो, दाढीवाले, हातावर टॅटूवाले, स्वच्छ गॅरेजमध्ये उभे राहून जुन्या गाड्या सोलणारे. त्यांच्या गॅरेजात जेवढी जागा असते तेवढ्यात आमच्याकडे टू बीएचके होतो.

आता कॅफे रेसर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो (मला थोडक्यात सांगता येत नाही असं घरचं मत आहे). लंडनला नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे नावाचं हॉटेल आहे, १९३८ सालचं, ट्रकवाल्यांसाठी काढलेलं. युद्धात त्याच्यावर बॉम्ब पडला, १९४९ मध्ये परत बांधलं, आणि मग पन्नास-साठच्या दशकात तिथे बाईकवाल्या पोरांचा अड्डा जमला. ज्यूकबॉक्सवर गाणं लावायचं, बाहेर पळायचं, गाडी काढायची, ठरलेल्या ठिकाणाला वळसा घालून गाणं संपायच्या आत परत यायचं, अशी दंतकथा आहे. ताशी १०० मैल गाठणं ही मोठी इज्जत, म्हणजे आपल्या हिशोबात १६० किलोमीटर. त्यासाठी ही पोरं हॅण्डल खाली आणायची, पाय ठेवायचे रॉड मागे न्यायची, सीट एकट्याची करायची म्हणजे टाकीवर आडवं पडून वारा कापता येतो. काही जण तर नॉर्टनच्या चासीत ट्रायम्फचं इंजिन बसवायचे आणि त्याला ट्रायटन म्हणायचे. सांगायचा मुद्दा, त्यांनी जे काही काढलं त्याला कारण होतं. वेग.

आमच्याकडे कॅफे कुठला, तर इराणी. आणि येझ्दी बनवणारी आयडियल जावा काढली ती पण रुस्तम इराणी यांनी! हा योग जुळल्यावर मला रात्रभर झोप नाही. मुंबईत कॅफे रेसर व्हायचा हक्क जर कुठल्या गाडीला असेल तर तो येझ्दीलाच, असं मी बायकोला पहाटे उठवून सांगितलं. प्लॅन असा की धोबीतलावच्या कयानीत, जे १९०४ सालापासून उभं आहे, तिथे बन मस्का खायचा, गाडीला किक मारायची आणि माटुंग्याच्या कूलर नावाच्या इराण्याकडे चहा प्यायचा. गाणं मोबाईलवर. आता खरं सांगायचं तर कयानीतून निघून एक गाणं संपेपर्यंत माणूस समोरच्या मेट्रो टॉकीजच्या सिग्नलवरच उभा असतो, आणि हल्लीची गाणी लहान असतात. पण स्वप्नाला सिग्नल नसतो.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आत एका गल्लीत एक चाचा गाठले. त्यांनी गाडी बघितली, सायलेन्सरवर थाप मारली, म्हणाले, "ये तो सोना है, इसको क्यूं छेड रहे हो?" मी मोबाईलमधला फोटो दाखवला. चाचांनी चष्मा लावून फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत फोटो. "मतलब सब निकालने का." मी म्हणलं हो. "निकालने का अलग, लगाने का अलग." तिथेच एका रिकाम्या पाकिटावर हिशोब झाला, आणि त्या पाकिटावर जागा संपल्यावर दुसरं पाकीट घेतलं.

मागचा मडगार्ड काढला. पुढचा काढून त्या जागी वीतभर पत्रा. साडी गार्ड काढला, कॅरियर काढला, साइडचे डबे काढले, लांब सीट काढली, मोठे इंडिकेटर काढून बोटाएवढे लावले. फक्त चासी कापायला मी नाही म्हणलं, ते नंतर कामाला आलं. काढलेल्या मालाचा ढीग झाला, चाचांचा पोरगा म्हणाला, "ये रखना है क्या?" रखना है तर कुठे, आमच्या गॅलरीत आधीच वॉशिंग मशीन आणि तुळस भांडत असतात. माल किलोवर गेला. त्या पैशात मी आणि पोरगा, दोन कटिंग आणि एक वडापाव. अर्धा अर्धा. फक्त मागच्या मडगार्डवर मामांनी चिकटवलेला 'आई एकवीरा' स्टिकर होता, वरचा कोपरा फाटलेला, तो तरी काढून घेऊ म्हणलं तर निघेना.

खरी मजा पुढे आहे. येझ्दी ज्यांनी चालवली त्यांना माहीत असेल, तिची किक आणि गिअर हा एकच दांडा असतो. डाव्या बाजूला. आत दाबायचा, फिरवून उभा करायचा, झाली किक. गाडी चालू झाली की परत खाली आणायचा, झाला गिअर. काय डोकं आहे, मी तर म्हणतो नोबेल द्यायला पाहिजे होतं. पण कॅफे रेसरमध्ये पाय जातात मागे. पाय मागे गेले की गिअर पण मागे न्यायला लागतो, म्हणजे दांड्याला एक सळई जोडून मागे छोटा गिअर काढायचा, आणि आता किक मारायची तर तोच दांडा उभा करायचा, पण त्याला तर सळई जोडलीय! शिवाय किक खाली येते ती बरोब्बर नवीन फूटरेस्टवर. चाचा दोन दिवस त्या दांड्याकडे बघत नुसते बसले होते असं पोरगा सांगतो. मग त्यांनी तोडगा काढला. किक मारायच्या आधी दहाच्या पान्याने सळईचा नट काढायचा, फूटरेस्ट दुमडायचा, किक मारायची, गाडी चालू ठेवून सळई परत जोडायची. हे घराखाली ठीक आहे. कांजूरमार्गच्या सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागे रिक्षा, टेम्पो आणि बेस्टची बस हॉर्न देत असताना तुम्ही खाली बसून पाना फिरवताय, तेव्हा लोक जे बोलतात त्यात तुमच्या घरातली सगळी माणसं येतात. शेवटी मी धक्का स्टार्ट शिकलो. उतार बघून पार्क करायचं, बस्स. विक्रोळीत असा उतार फार नाही, म्हणून ऑफिसला जाताना वॉचमनला दहा रुपये.

एअर फिल्टरचा डबा काढून तिथे छोटा शंकूसारखा फिल्टर लावला, दिसतो भारी. पण त्यातून हवा जास्त जाते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, टू स्ट्रोकमध्ये तर पिस्टन धरायची, म्हणजे जाम व्हायची भीती, मग कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल येतं ते भोक, मोठा टाका. जेट मोठा टाकला, अ‍ॅव्हरेज गेलं. सायलेन्सरच्या पाइपला पांढरी पट्टी गुंडाळली, ती उष्णतेसाठी असते. आई खाली येऊन बघते तर म्हणे, "भाजलंय का हिला?" मामा खास दहिसरहून बघायला आले. गाडीभोवती फिरले, पुढून बघितलं, मागून बघितलं, म्हणाले, "मुंज लावलीस की काय रे हिची?" आणि वर चहाला पण आले नाहीत.

चालवण्याबद्दल. क्लिप-ऑन हॅण्डल म्हणजे काय, तर हॅण्डल थेट पुढच्या शॉकअपच्या पाइपांना, खाली. अंगाचं सगळं वजन मनगटांवर. लंडनच्या पोरांना त्याचं काही वाटायचं नाही कारण ताशी १०० मैलला वारा छातीला उचलून धरतो. आमच्या एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी सातला वारा कुठून आणायचा? तिथे वारा म्हणजे पुढच्या डंपरचा धूर. विक्रोळी ते कुर्ला मी नमस्कार घातल्यासारखा वाकून पहिल्या गिअरमध्ये, प्रत्येक खड्ड्याचा हिशोब आधी मनगटात, मग मानेत, मग कमरेत. आणि जिथे जरा पळवता येईल तिथे दुचाकीला बंदी. सी लिंक नाही, कोस्टल रोड नाही, अटल सेतू नाही, जेजेचा उड्डाणपूल पण नाही. म्हणजे वेगासाठी बनवलेली गाडी घ्या आणि वेगाचे रस्ते सोडून बाकी सगळी मुंबई तुमचीच. फिजिओवाल्या मॅडमनी विचारलं, "जिमला जाता का?" मी म्हणलं हो.

मग जून आला. मागचा मडगार्ड नसला की चाक रस्त्यावरचं पाणी उचलून पाठीवर खालून वर एक सरळ रेघ मारतं, मानेपर्यंत. ऑफिसमध्ये साहेबांनी काही विचारलं नाही, फक्त मीटिंगमध्ये मला भिंतीकडे पाठ करून बसवायला लागले. छोट्या फिल्टरने पाणी प्यायलं ते वेगळंच.

पण सगळ्यात मोठा प्रश्न बायकोने विचारला आणि तो पण एकदाच. गाडी पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिने सीटकडे बघितलं, सीटच्या मागच्या उंचवट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी कुठे बसू?" मी म्हणलं कॅफे रेसरला मागे बसत नाहीत, ती स्टाइल आहे. "बरं," म्हणाली. हे 'बरं' लग्न झालेल्यांना समजेल. त्यानंतर दादरला फुलं आणायला ती रिक्षा, ट्रेन, परत रिक्षा असं गेली आणि तिन्हीचं भाडं रोज जेवताना सांगायची, हळू आवाजात, मुलाला गणित शिकवल्यासारखं.

आणि वर कायदा. ओळखीच्या एका एजंटला गाडीचा फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीने दिली त्यापेक्षा आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "दर बदलामागे?" मी विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही मोजायला घेऊ नका, बीपी वाढेल." शिवाय मागे माणूस बसायची सोय असलेल्या गाडीला धरायला हॅण्डल, पाय ठेवायला रॉड आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारा गार्ड लागतो, म्हणजे आपला साडी गार्ड, हा नियमच आहे. आणि १५ वर्षं झालेली गाडी दर पाच वर्षांनी पासिंगला न्यायची असते, मामांनी इमानदारीने नेली होती, आणि पुढची तारीख गणपतीनंतर लगेच. ऑफिसातला एक शहाणा म्हणाला, रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेन्टल जीटी ६५० घ्यायची ना, कंपनीतूनच कॅफे रेसर येते, कागद पण क्लिअर, मागे बायको पण बसते. अशा माणसांना डबा शेअर करू नये.

तर आता उलटा प्रवास. चाचांकडे गेलो तर ते हसले पण नाहीत, सरळ नवीन पाकीट काढलं. हॅण्डल जुनं त्यांच्याकडे माळ्यावर होतं, लांब सीट एका सीटवाल्याकडे फोम घालून बनवली, चासी कापली नव्हती म्हणून बसली. सळई काढून टाकली आणि दांडा परत किक आणि गिअर झाला तेव्हा खरं सांगतो, चाचांनी आणि मी टाळी दिली. राहिले मडगार्ड आणि साडी गार्ड. ते शोधायला ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली, "येझ्दी का?" म्हणून लोक आदराने बघतात पण देत काही नाहीत.

शेवटी चाचांनीच एका जुन्या पार्टवाल्याचं दुकान सांगितलं. त्याने आतून पेपरात गुंडाळलेला मडगार्ड आणला. पुसून ठेवलेला, पॉलिश मारलेला. किंमत ऐकून मी आधी खाली बसलो आणि मग पेपर उलगडला. 'आई एकवीरा'. वरचा कोपरा फाटलेला.

"ओरिजिनल है साब," दुकानदार म्हणाला. "एक ही मालिक की गाडी का. बहुत संभाल के चलाता था."

मी विचारलं, ओळखता का मालकाला?

"अब कहां, गुजर गया बेचारा. जिंदा होता तो ऐसी चीज भंगार में देता क्या?"

म्हणलं, गेलेल्या माणसाच्या नावाने निदान दोनशे तरी कमी करा. नाही केले.