भाद्रपद शुद्ध चतुर्थी, सन २२८७

गणपतीच्या पहिल्या दिवशी रात्री आठ वाजता डोंबिवलीतील आमच्या मंडळाची आरती दुसऱ्या कडव्यात अडकली आणि मंडपातील यच्चयावत माणसांनी माझ्याकडे पाहिले. आरती पाठ नसणे हा त्या सर्वांचा सामाईक अपराध होता. परंतु आरत्यांचे संकेतस्थळ मी सांभाळतो आणि त्या क्षणी प्रत्येकाच्या मोबाइलवर कडव्याऐवजी ‘डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही’ एवढेच वाक्य झळकत होते, म्हणून आरोपी मी ठरलो. पहिले कडवे सर्वांना येते, दुसऱ्यात आवाज निम्म्यावर येतो आणि तिसऱ्यात केवळ टाळ वाजतात, ही परिस्थिती संकेतस्थळ जन्मण्यापूर्वीपासूनची आहे. ‘आता सगळे मोबाइलवर बघूनच म्हणतात’ असे म्हणून छापील पुस्तिकांचा गठ्ठा यंदा रद्दीत घालण्यात आला होता. तो निर्णय माझा नव्हता, हे येथे नोंदवून ठेवतो.

मंडपाच्या मागे, प्रसादाच्या पातेल्यांशेजारी मी लॅपटॉप उघडला आणि संकेतस्थळ जेथून चालते त्या दूरच्या सर्व्हरवर शिरून, यंत्रावर कोणाचा किती भार आहे ते दाखवणारी ‘टॉप’ ही कमांड दिली. हे साधन विल्यम लफेव्हर यांनी १९८४ साली लिहिले आणि आजही यंत्र आजारी पडले की जाणता माणूस प्रथम याच साधनाकडून त्याची नाडी पाहून घेतो. अधिक रंगीत व सुटसुटीत असा ‘एचटॉप’ २००४ पासून उपलब्ध आहे, पण एक प्रोसेसर आणि एक जीबी मेमरी एवढ्याच ऐपतीचे भाड्याचे यंत्र गुदमरलेले असताना त्याच्यावर रंगकामाचा बोजा टाकू नये, असे माझे मत आहे. काळ्या पडद्यावर आकडे उमटू लागले तोच पाठीमागून नानांचा आवाज आला.

नाना हे एका बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. त्यांच्या शाखेचे संगणकीकरण त्यांच्या कारकिर्दीत झाले, यावरून ते त्यांनीच केले असे ते मानतात, आणि त्यांच्या या समजुतीला मंडळात आजवर कोणी आव्हान दिलेले नाही.

“काय बघतोस?”

“सर्व्हरवरचा लोड बघतोय, नाना. अडतीस झालाय.”

“अडतीस? मग ताप फार नाही.” त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिले. “आणि हे काय, अडतीस, एकवीस, नऊ. उतरतोय की!”

येथे मला थोडे थांबणे भाग आहे, कारण नानांनी केलेले वाचन कोणीही सुज्ञ माणूस करील असेच आहे. लोड, म्हणजे यंत्राच्या दारातील कामांची सरासरी गर्दी, म्हणून जे तीन आकडे शेजारी शेजारी दिसतात, ते अनुक्रमे गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांचे असतात. म्हणजे डावीकडचा आकडा सर्वांत ताजा असतो. डावीकडून उजवीकडे आकडे उतरत गेलेले दिसले, तर प्रत्यक्षात संकट चढत असते. एकच प्रोसेसर असलेल्या यंत्राला साधारण एक हा लोड म्हणजे भरपूर काम. अडतीस म्हणजे एक जण कामावर आणि सदतीस जण दारात. हे मी नानांना सांगण्याचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “उलटं लिहिलंय म्हणजे सॉफ्टवेअरच चुकीचं आहे,” आणि त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

“तो काळा पडदा बंद कर आधी. व्हायरस तिथूनच येतो.”

त्यानंतर त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. ही त्यांची विद्या खरी आहे, आणि त्यांनी उघडलेले टास्क मॅनेजर हे साधनही उत्तम आहे. डेव्ह प्लमर नावाच्या अभियंत्याने ते घरी बसून लिहिले आणि १९९६ साली विंडोज एनटीच्या चौथ्या आवृत्तीबरोबर ते जगभर गेले. अडचण एवढीच होती की ते माझ्या लॅपटॉपची प्रकृती दाखवत होते. माझ्या लॅपटॉपला काहीही झालेले नव्हते. झालेले होते ते कुठल्याशा डेटा सेंटरमधील, आमच्यापैकी कोणीही कधीही न पाहिलेल्या यंत्राला.

“नाना, हा माझा लॅपटॉप आहे. बंद पडलाय तो सर्व्हर.”

“कनेक्टेड आहेत ना दोन्ही?”

“हो, पण…”

“मग झालं तर.”

त्यांनी तपशिलाचा टॅब उघडला, सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारून मोठा आकडा वर आणला आणि विजयी मुद्रेने मंडपाकडे वळून पाहिले. तोवर आरतीतून मोकळे झालेले बरेच जण आमच्या भोवती जमले होते.

“हा बघा चोर. सिस्टीम आयडल प्रोसेस! चौऱ्याण्णव टक्के एकटा खातोय.”

“नाना, तो काही खात नाहीये. संगणकाला काम नसतं तो वेळ तिथे मोजलेला असतो. म्हणजे चौऱ्याण्णव टक्के तो रिकामा बसलाय.”

“रिकामा बसलेला चौऱ्याण्णव टक्के कसा खाईल?”

“खात नाहीये हो, तेच सांगतोय.”

“आमच्या शाखेत होता असा एक,” नाना जमावाला म्हणाले. “दिवसभर नुसता बसून. शेवटी त्याची रत्नागिरीला बदली केली तेव्हा शाखा हलायला लागली.”

जमावाने माना डोलावल्या. एका काकूंनी रत्नागिरीत आता तो कुठे राहतो अशी चौकशी केली. नानांनी दरम्यान त्या प्रोसेसला बंद करण्याचा हुकूम दिला. संगणकाने नकार दिला. त्यांनी पुन्हा हुकूम दिला आणि संगणकाने पुन्हा नकार दिला, कारण ती प्रोसेस ही बंद करण्याजोगी वस्तूच नव्हे. दुसरे काहीच चालवायचे नसेल तेव्हा प्रोसेसरने काय करावे, याचे ते उत्तर आहे.

“बघितलंस? हलत नाही,” नाना म्हणाले. “युनियनचा आहे.”

लोक हसले. मीही हसलो, आणि ते हसणे मला अजून डाचते आहे. ज्या माणसाचे काम अडले आहे त्याचेच उपकरण हिसकावून, त्याच्याच डोक्यावर उभे राहून, भलत्याच यंत्राची तपासणी करणाऱ्याला आपल्याकडे ‘मदत करतायत बिचारे’ असे म्हणतात आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याला ‘जरा अहंकारी आहे’ असे म्हणतात. नाना मोदक घेण्यासाठी उठले, तेव्हा कुठे मला काळा पडदा परत मिळाला.

पडद्यावर जे दिसले ते असे. प्रोसेसर स्वतः फारसे काही करत नव्हता. त्याचा बहुतेक वेळ ‘डब्ल्यूए’ या अक्षरांपुढे, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात, जात होता. लिनक्स या आमच्या सर्व्हरवरील कार्यप्रणालीत लोड मोजताना केवळ काम करणाऱ्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, धरत नाहीत, तर डिस्कसाठी ताटकळत असलेल्याही धरतात. ही पद्धत १९९३ पासूनची आहे. त्यामुळे लोड आभाळाला भिडलेला आणि प्रोसेसर निवांत, असे चित्र दिसू शकते. मग डिस्कवर एवढे लिहीत कोण होते? आरत्या तर केवळ वाचायच्या असतात.

लिहीत होता तो भाविकांचा आकडा. संकेतस्थळाच्या तळाशी ‘आतापर्यंत इतक्या भाविकांनी भेट दिली’ असा फिरता आकडा हवाच, असा कार्यकारिणीचा ठराव आहे. मी त्याला लेखी विरोध केला होता. पान उघडणारा प्रत्येक जण डेटाबेसमधील एकाच नोंदीत एक मिळवतो, आणि आमचा डेटाबेस मुळातील मांडणीनुसार असा प्रत्येक बदल डिस्कवर पक्का उतरल्याशिवाय पुढे सरकत नाही. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाने दाराशी ठेवलेल्या एकाच वहीत, एकाच ओळीवर, आधीच्याचा आकडा खोडून नवा लिहावा, शाई वाळेपर्यंत थांबावे आणि मगच पायरी चढावी, तसा हा प्रकार आहे. थांबलेला प्रत्येक जण आपल्यापुरती मेमरी अडवून थांबतो. एक जीबी संपली की लिनक्सचा गाभा कोणाचा तरी बळी देऊन जागा मोकळी करतो आणि त्यासाठी तो सहसा सर्वांत लठ्ठ प्रोसेस निवडतो. आमच्याकडे लठ्ठ असा डेटाबेसच आहे. तो मेला, आपोआप पुन्हा उठला, पुन्हा त्याच्या दारात गर्दी झाली आणि तो पुन्हा मेला; मंडपात आरती अडकली ती याच चक्रात.

परंतु डोंबिवलीतील एका मंडळाच्या आरत्यांवर एवढी गर्दी लोटली तरी कोणाची? २००९ च्या जूनमध्ये मायकल जॅक्सनच्या निधनाची बातमी आली, तेव्हा एकाच नावाचे शोध इतक्या प्रचंड संख्येने येऊ लागले की, हा यंत्रांनी चढवलेला हल्ला असावा, असे गूगलला काही काळ वाटले होते. प्रत्यक्षात ती माणसे होती. आमच्याकडे याच्या बरोबर उलट झाले होते. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या भेटींच्या नोंदवहीत, पाहिले तर आठ वाजता आमचे मंडपातले लोक होते, आसपासच्या इमारतींतले काही होते, आणि बाकीचे सगळे बॉट होते. जगभरातील मजकूर गोळा करत हिंडणारी ही यंत्रे आमच्या कार्यक्रमांच्या दिनदर्शिकेत शिरली होती. त्या दिनदर्शिकेच्या प्रत्येक पानावर ‘पुढचा महिना’ अशी कळ आहे. माणूस ती फार तर दोनदा दाबतो. बॉटला कंटाळा हा प्रकार ठाऊक नसल्याने तो ती दाबतच राहिला होता. मी पाहिले तेव्हा तो सन २२८७ च्या सप्टेंबरात पोहोचला होता, ‘या महिन्यात एकही कार्यक्रम नाही’ हे वाक्य भक्तिभावाने वाचत होता आणि दर पानागणिक भाविकांच्या आकड्यात एकाची भर घालत होता.

बॉटांनी कोठे शिरू नये हे सांगणारी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल आम्हीही ठेवलेली आहे. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ साली ही प्रथा सुचवली आणि २०२२ मध्ये तिचे रीतसर मानकही झाले. मात्र हे नियम म्हणजे प्रवेशावरील कुलूप नव्हे, असे त्या मानकातच म्हटलेले आहे. सभ्य बॉट ती फाइल वाचून मागे फिरतात. आमच्याकडे आलेल्यांनी ती वाचल्याची नोंद लॉगमध्ये आहे, आणि मागे फिरल्याची नाही. पैसे त्यांच्याकडे, यंत्रे त्यांच्याकडे, मजकूर आमच्याकडून फुकट, आणि तो उचलताना कोसळणाऱ्या सर्व्हरचे भाडे मंडळाच्या वर्गणीतून. भाड्याने यंत्र देणाऱ्या कंपनीच्या मदत कक्षाने या सर्व हकिकतीवर ‘मोठा प्लॅन घ्या’ एवढाच उपाय सुचवला, आणि तोही अर्ध्या तासाच्या संगीतानंतर.

नाना मोदक घेऊन परतले. त्यांनी पडद्यावरील साल वाचले.

“बावीसशे सत्त्याऐंशी?”

“बॉट आहे नाना. पुढचे महिने उघडत चाललाय.”

नानांनी बराच वेळ विचार केला. “त्या वर्षी अधिक महिना आहे का रे?”

मला उत्तर देता आले नाही. मी त्या बॉटांना नावानिशी दार बंद केले, भाविकांचा आकडा तात्पुरता गोठवला आणि लोड उतरू लागला. दुर्दैवाने नेमक्या त्याच वेळी नानांनी माझ्या खांद्यावरून हात घालून टास्क मॅनेजर पुन्हा पुढे आणले आणि त्या आयडल प्रोसेसवर आणखी एकदा टिचकी मारली. मंडपातून कोणीतरी ओरडले, “उघडली! साइट उघडली!” त्यापुढचे सांगण्याची खरोखर गरज नाही. ‘नानांनी आयडल मारला’ ही वार्ता प्रसादाच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला माझ्या आधी पोहोचली, आणि मी तेथे गेलो तेव्हा मोदक संपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अध्यक्षांचा दूरध्वनी आला. त्यांना संकेतस्थळ सुरू आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते.

“आकडा का सरकत नाहीये?”

ती सर्व गर्दी बॉटांची होती, तो आकडा खोटा आहे आणि त्याच्यामुळेच आरती अडकली, हे मी त्यांना शक्य तितक्या आदराने सांगितले.

“पण आले होते ना ते?”

“यंत्रं आली होती, साहेब. माणसं नाहीत.”

“अहो, पण आपण तिथं भाविक लिहिलंय, माणसं कुठं लिहिलंय? आणि आपल्या जाहिरातदार सराफांना मी परवाच लाखाचा आकडा दाखवलाय.”

उत्सवानंतरच्या बैठकीत मी दोन प्रस्ताव मांडले. आरत्यांची पाने साध्या, तयार फाइलींच्या रूपात ठेवावीत, म्हणजे डेटाबेसला हात न लावता या दुबळ्या यंत्रावरूनही ती हवी तितक्यांना वाढता येतील, हा पहिला. आणि आकडा कायमचा काढावा, हा दुसरा. पहिला प्रस्ताव तांत्रिक असल्यामुळे अभ्यासासाठी नानांकडे सोपवण्यात आला. दुसरा फेटाळण्यात आला आणि आकड्याचा टाइप मोठा करण्याचे ठरले. संकटसमयी दाखवलेल्या प्रसंगावधानाबद्दल नानांच्या अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. तो त्यांच्या छायाचित्रासह मुखपृष्ठावर चढवण्याचे काम माझ्याकडे देण्यात आले असून, त्याला उशीर का होत आहे, अशी विचारणा चिटणिसांनी काल दोनदा केली आहे.